अनुभव ते भजन : तिवसा-मोझरी परिसराच्या संदर्भात गीतनिर्मितीच्या प्रक्रियेचा विचार

गोषवारा

गीतकार व गायक आपल्या व्यक्तिगत जीवनातील अनुभवांतून गीत निर्माण करतो, ही गोष्ट सर्वमान्य आहे. मात्र त्या अनुभवाचे गीतात रूपांतर नेमके कसे होते, अनुभवातील कोणता भाग टिकतो आणि कोणता गळून पडतो, याचा विचार तुलनेने कमी होतो. प्रस्तुत लेखात राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या भजनरचनेच्या आधारे ही प्रक्रिया स्पष्ट केली आहे. संत गाडगेबाबांचे कीर्तन व सुरेश भट यांची गझल यांच्याशी तिची थोडक्यात तुलना केली आहे. व्यक्तिगत अनुभव समूहाच्या कंठात उतरण्यासाठी त्यातील ‘मी’ला आपली जागा मोकळी करून द्यावी लागते, हे लेखाचे प्रतिपाद्य आहे.

बीजसंज्ञा : भजन, अनुभूती, साधारणीकरण, नाममुद्रा, खंजिरी, सामुदायिक प्रार्थना, वऱ्हाड.

१. प्रास्ताविक

अमरावतीहून नागपूरकडे जाणाऱ्या महामार्गावर तिवशाच्या अलीकडे मोझरी हे गाव लागते. तिवसा तालुक्यातील या गावी तुकडोजी महाराजांनी १९३५ साली गुरुकुंज आश्रमाची स्थापना केली. त्यांचे गुरू आडकोजी महाराज यांचे वरखेड हे गावही याच तालुक्यातले. म्हणजे ज्या गायकाच्या खंजिरीने विदर्भातील खेडी जागी झाली, त्याच्या घडणीचा प्रारंभ आणि त्याच्या कार्याचे केंद्र ही दोन्ही ठिकाणे एकाच तालुक्याच्या सीमेत सामावलेली आहेत. जीवन आणि गीत यांचा संबंध तपासण्यासाठी याहून जवळचे उदाहरण या परिसरातील अभ्यासकाला क्वचितच मिळेल.

तथापि जवळचे उदाहरण हे अभ्यासाला नेहमीच सोयीचे असते असे नाही. महाराजांची भजने या भागात इतकी परिचित आहेत की ती कशी घडली असतील, हा प्रश्नच सहसा पडत नाही. श्रद्धाळू श्रोता त्यांच्याकडे ईश्वरी देणगी म्हणून पाहतो, तर साहित्याचा अभ्यासक अनेकदा ‘प्रबोधनपर पद्य’ असे म्हणून त्यांना बाजूला ठेवतो. या दोन्ही भूमिकांत निर्मितीच्या प्रक्रियेला स्थान राहत नाही. ते स्थान तिला मिळवून देणे हा या लेखाचा हेतू आहे.

२. अनुभव, अनुभूती आणि साधारणीकरण

जगताना जे वाट्याला येते तो अनुभव होय. भूक, विरह, अपमान, तुरुंगवास, गुरूचा सहवास हे सर्व अनुभव आहेत. परंतु अनुभव आला म्हणून गीत निर्माण होते असे नाही. एकाच दुष्काळात सारे गाव होरपळते, पण त्यावरचे गाणे एखाद्यालाच सुचते. अनुभव मनात मुरतो, त्याचे तपशील गळतात, त्याचा अर्थ लागतो आणि मग तो अनुभूतीच्या पातळीवर येतो. इंग्रज कवी वर्ड्स्वर्थ याने १८०० सालच्या आपल्या प्रस्तावनेत उत्कट भावनेचे शांत मनःस्थितीत पुनःस्मरण होण्यावर भर दिला, तो याच अर्थाने. पुढे १९१९ मध्ये टी. एस. एलियट याने कवीचे व्यक्तिमत्त्व आणि कविता यांत अंतर असले पाहिजे, असा आग्रह धरला. वरवर पाहता ही मते परस्परविरोधी वाटतात. पण अनुभव जसाच्या तसा कलाकृतीत येत नाही, हे दोघांनाही मान्य आहे.

भारतीय साहित्यशास्त्राने हा प्रश्न रसिकाच्या बाजूने सोडविला. भट्टनायक व अभिनवगुप्त यांनी मांडलेल्या साधारणीकरणाच्या विचारानुसार काव्यातील भाव ‘माझा’ किंवा ‘त्याचा’ राहत नाही, तो व्यक्तिसंबंधातून मुक्त होतो. म्हणूनच दुसऱ्याच्या दुःखावरील गीत ऐकताना श्रोत्याला रसास्वाद घेता येतो. भजनाच्या बाबतीत हा विचार आणखी एक पाऊल पुढे न्यावा लागतो. भजन हे केवळ ऐकायचे नसते, ते ऐकणाऱ्याने गायचेही असते. ज्या गीतातील ‘मी’ श्रोत्याला स्वतःच्या तोंडाने उच्चारता येत नाही, ते गीत चांगले असूनही भजन म्हणून टिकत नाही.

वऱ्हाडी लोकपरंपरेला हे तत्त्व नवे नाही. जात्यावरच्या ओव्यांत सासर, माहेर, भाऊ, लेक यांविषयीचे बोल एका बाईच्या अनुभवातून निघतात आणि दुसरी बाई त्यात आपल्या भावाचे नाव घालून तीच ओवी आपली म्हणून गाते. शेजारच्या खानदेशात बहिणाबाई चौधरी (१८८०-१९५१) यांच्या गाण्यांचे मूळही घर, शेत आणि अकाली वैधव्य यांतच आहे. त्यांची गाणी १९५२ मध्ये ग्रंथरूपाने आली आणि ती साऱ्या महाराष्ट्राची झाली.

३. तुकडोजी महाराजांचा जीवनानुभव

महाराजांचा जन्म ३० एप्रिल १९०९ रोजी अमरावती जिल्ह्यातील यावली येथे झाला. मूळ नाव माणिक. वडील बंडोजी व आई मंजुळाबाई यांचा संसार हलाखीचा होता. माणिकचे शालेय शिक्षण प्राथमिक इयत्तांपलीकडे गेले नाही. मात्र भजनाची गोडी त्याला बालपणीच लागली आणि वरखेडला आडकोजी महाराजांच्या सहवासात ती दृढ झाली. पुढे घर सोडून त्याने रामटेक, सालबर्डी, रामदिघी, गोंदोडा अशा अरण्यप्रदेशांत भ्रमण केले. या काळातील एकांत, उपासमार आणि वन्य निसर्ग यांचा ठसा पुढील रचनांवर कायम राहिला.

वयाच्या पंचविशीच्या सुमारास हा एकांतप्रिय साधक लोकांकडे वळला. १९३५ मध्ये आश्रम उभा राहिला, १९३६ मध्ये महात्मा गांधींच्या निमंत्रणावरून सेवाग्राम येथे सुमारे महिनाभर वास्तव्य घडले. १९४२ च्या आंदोलनात त्यांना अटक होऊन नागपूर व रायपूर येथील कारागृहांत राहावे लागले. १९५५ मध्ये त्यांची ‘ग्रामगीता’ प्रसिद्ध झाली. त्याच वर्षी जपानमधील विश्वधर्म परिषदेत ते सहभागी झाले. ११ ऑक्टोबर १९६८ रोजी गुरुकुंज येथे त्यांचे निधन झाले.

या जीवनक्रमात तीन प्रकारचे अनुभव स्पष्ट दिसतात : दारिद्र्याचा, एकांताचा आणि लोकसंग्रहाचा. त्यांच्या भजनांचे आशयही ढोबळमानाने याच तीन दिशांनी जातात. परंतु अनुभव व आशय यांची अशी यादी जुळविणे म्हणजे निर्मितीचे स्पष्टीकरण नव्हे. स्पष्टीकरणासाठी नाव, वाद्य, भाषा आणि प्रतिमा या चार ठिकाणी अनुभवाचे रूप कसे बदलते ते पाहावे लागते.

४. अनुभवाच्या रूपांतराची चार स्थाने

४.१ नाममुद्रा

संतकाव्यात रचनेच्या शेवटी कवीचे नाव गुंफण्याची रीत आहे. महाराजांच्या भजनांत ‘तुकड्या’ किंवा ‘तुकड्यादास’ ही मुद्रा येते. भजने गाऊन मिळणाऱ्या भिक्षेच्या तुकड्यांवर निर्वाह करणारा म्हणून आडकोजी महाराजांनी माणिकला हे नाव दिले, असे परंपरा सांगते. येथे एक बाब लक्षात घेण्याजोगी आहे. भिक्षेचा तुकडा ही लाज वाटावी अशी खासगी गोष्ट होती. गुरूने तिचेच नाव केले आणि शिष्याने ते नाव प्रत्येक गीताच्या शेवटी जाहीरपणे उच्चारले. दारिद्र्य लपविण्याऐवजी त्याचीच सही झाली. अनुभव पुसला गेला नाही, पण त्यातील हीनत्व मात्र नाहीसे झाले.

नाममुद्रेचे दुसरे कार्य अधिक सूक्ष्म आहे. गावातील भजनी मंडळातला शेतमजूर जेव्हा अखेरचे कडवे गातो, तेव्हा तो दुसऱ्याचे नाव उच्चारत असतो. तरी त्या नावाचा अर्थ त्याच्या स्वतःच्या भाकरीपर्यंत पोहोचतो. ‘माणिक’ हे एका व्यक्तीचे नाव होते. ‘तुकड्या’ हे एका स्थितीचे नाव आहे, आणि त्या स्थितीत अनेकजण स्वतःला ओळखू शकतात.

४.२ वाद्य

खंजिरी हे लहानसे वाद्य आहे. लाकडी कड्याच्या एका तोंडावर कातडे मढविलेले असते व कड्याच्या खाचांत धातूच्या चकत्या बसविलेल्या असतात. ते एका हातात धरून दुसऱ्या हाताने वाजविता येते. त्याला साथीदार लागत नाही, मंच लागत नाही, ते झोळीत मावते. भटक्या आणि निर्धन गायकाला परवडणारे असे हे वाद्य आहे. महाराजांच्या जीवनपद्धतीचा आणि त्यांच्या वाद्याचा असा सरळ संबंध लावता येतो.

मात्र वाद्य हे केवळ सोयीचे साधन राहत नाही, ते रचनेला आकारही देते. खंजिरीला दीर्घ स्वर नसतो, तिच्याकडे ठेका आणि झंकार असतो. त्यामुळे तिच्यावर आखूड चरण, पुन्हा पुन्हा येणारे ध्रुवपद आणि चटकन पाठ होणारी यमके शोभून दिसतात. दोन कडव्यांच्या मध्ये ठेका धरून ठेवून गायकाला श्रोत्यांशी बोलता येते. भजन आणि भाषण यांतील सीमारेषा या वाद्यामुळे धूसर झाली. पुढे अकोला जिल्ह्यातील सिरसोलीचे सत्यपाल महाराज यांनी एकाच वेळी सात खंजिऱ्या वाजवून प्रबोधनाची जी ‘सप्तखंजिरी’ शैली रूढ केली, ती याच परंपरेची शाखा होय.

४.३ भाषा

महाराजांनी मराठी व हिंदी या दोन्ही भाषांत विपुल रचना केली. प्राथमिक शिक्षणही पूर्ण न झालेल्या वऱ्हाडी माणसाला हिंदी रचना कशी साधली, असा प्रश्न विद्यार्थी विचारतात. त्याचे उत्तर या प्रदेशाच्या इतिहासात आहे. वऱ्हाड व नागपूरचा भाग १९५६ पर्यंत हिंदीभाषक जिल्ह्यांसह एकाच प्रांतात, पुढे एकाच राज्यात होता. बाजार, जंगल, यात्रा आणि साधूंचे मेळे या सर्व ठिकाणी दोन्ही भाषा कानी पडत. भ्रमणात ऐकलेली ही भाषा पुस्तकी नव्हती, ती बोलली जाणारी होती. म्हणून त्यांच्या हिंदी भजनांतही वैदर्भीय श्रोत्याला परकेपणा जाणवत नाही. येथे अनुभव विषय म्हणून नव्हे, तर शब्दसंग्रह म्हणून गीतात उतरला आहे. गीतकाराच्या जीवनाचा शोध घेताना हा भाग बहुधा दुर्लक्षित राहतो.

४.४ प्रतिमा

‘या झोपडीत माझ्या’ हे महाराजांचे भजन मराठी घरांत सर्वदूर पोहोचले आहे. राजमहालातील सुखाशी झोपडीतील शांतीची तुलना हा त्याचा गाभा आहे. यात गरिबीचे रडगाणे नाही आणि श्रीमंतीचा द्वेषही नाही. ज्याने खरोखर उघड्यावर रात्री काढल्या आहेत, तोच आकाशाखाली झोपण्यातील निर्भयता एवढ्या सहजतेने सांगू शकतो. पण त्यात कोणत्या गावची, कोणत्या वर्षीची झोपडी हे सांगितलेले नाही. झोपडीचा पत्ता गळून पडला, म्हणून ती कुणाचीही होऊ शकली.

१९४२ च्या काळातील भजनांत हीच प्रक्रिया उलट्या दिशेने दिसते. १६ ऑगस्ट १९४२ रोजी चिमूर येथे उठाव झाला. त्यामागे महाराजांच्या भजनांची प्रेरणा होती, हे विदर्भाच्या स्वातंत्र्यलढ्याच्या इतिहासात नोंदले गेले आहे. निसर्गातील साध्या वस्तूच प्रतिकाराची साधने बनतील, असा त्या भजनांचा आशय होता. अरण्यवासात ज्या झाडांनी आणि दगडांनी साधकाला सोबत केली, तीच आता निःशस्त्र जनतेची शस्त्रे म्हणून गीतात आली. एकांताच्या अनुभवाने दिलेली प्रतिमा समूहाच्या गरजेने नव्या अर्थाची झाली. एकच अनुभव गीतकाराला आयुष्यभर एकच गाणे देतो असे नाही, हे यावरून लक्षात येते.

५. ‘मी’कडून ‘आम्ही’कडे

महाराजांच्या कार्याचा कळस म्हणजे सामुदायिक प्रार्थना. ज्याने तारुण्यात एकट्याने साधना केली, त्याने पुढे जात, पंथ, लहान-मोठा असा भेद न मानता गावाने एकत्र बसावे, एका सुरात प्रार्थना करावी असा आग्रह धरला. ‘ग्रामगीते’च्या ४१ अध्यायांत ग्रामशुद्धी, आरोग्य, शिक्षण, श्रम यांच्याबरोबर या प्रार्थनेलाही स्वतंत्र स्थान आहे. प्रार्थनेत कुणा एकाचा आवाज उठून दिसणे अपेक्षित नसते. एका गायकाने स्वतःचा आवाज समूहात विरघळविण्याची केलेली ही योजना आहे.

व्यक्तिगत अनुभवाचा शेवट येथे होतो की त्याची पूर्तता? एकांतात जे सापडले ते एकट्याने राखायचे नाही, या निश्चयाचे मूळही अनुभवातच होते. भिक्षेवर जगलेल्या माणसाला गावाचे ऋण ठाऊक होते. त्या ऋणाची फेड म्हणून गीत गावाला परत दिले गेले, असा अर्थ लावणे उचित ठरेल.

६. दोन शेजारी उदाहरणे

संत गाडगेबाबा (१८७६-१९५६) याच जिल्ह्यातील शेंडगावचे. वडिलांचा व्यसनापायी झालेला अंत, मूर्तिजापूरजवळील दापुरे येथे मामाकडे गुरे राखत गेलेले बालपण आणि सावकाराने गिळलेली मामाची शेती हे त्यांचे अनुभव. कर्ज काढू नका, दारू पिऊ नका, देवापुढे मुके जनावर मारू नका, मुलांना शाळेत घाला, हे त्यांच्या कीर्तनाचे विषय. अनुभव आणि विषय यांचे नाते येथे उघड आहे. परंतु बाबांनी कीर्तनात आत्मचरित्र सांगितले नाही. ते श्रोत्यांनाच वऱ्हाडी बोलीत प्रश्न विचारीत आणि उत्तर त्यांच्याच तोंडून वदवून घेत. सावकार मामाचा राहत नसे, तो ऐकणाऱ्याच्या गावचा होई. १९२३ मध्ये एकुलत्या पुत्राच्या मृत्यूची वार्ता कीर्तन चालू असताना आली, तरी त्यांनी कीर्तन थांबविले नाही, असे चरित्रकार नोंदवितात. सर्वांत तीव्र अनुभव गीताबाहेर ठेवण्याचा हा निर्णयही निर्मितीप्रक्रियेचाच भाग मानावा लागेल.

सुरेश भट (१९३२-२००३) यांचा जन्म अमरावतीचा. अडीच वर्षांच्या वयात पोलिओने त्यांचा पाय कायमचा अधू झाला. आईच्या काव्यप्रेमातून आणि वडिलांच्या संगीतप्रेमातून त्यांना शब्द आणि सूर दोन्ही मिळाले. १९६१ चा ‘रूपगंधा’, १९७४ चा ‘रंग माझा वेगळा’ व १९८३ चा ‘एल्गार’ या संग्रहांतून त्यांची गझल स्थिर झाली. त्यांच्या गझलेतील वेदना व बंडखोरी यांचा संबंध शारीरिक व्यंगाशी जोडण्याचा मोह होतो. परंतु गझलेचा घाट असा आहे की तिचा प्रत्येक शेर स्वतंत्र असतो आणि वृत्त, काफिया, रदीफ यांचे बंधन कडक असते. अशा घाटात आत्मकथनाला सलगपणे वाव मिळत नाही. अनुभव दोन ओळींत पिळून घ्यावा लागतो. पिळल्यावर घटना उरत नाही, तिचा अर्क उरतो. म्हणूनच त्यांचे शब्द चित्रपटगीतांतही वेगळ्या पात्रांच्या तोंडी सहज शोभले.

भजन, कीर्तन आणि गझल या तीन प्रकारांत अनुभवाला तीन वेगळे संस्कार मिळतात. भजनात तो ध्रुवपदामुळे समूहाचा होतो, कीर्तनात संवादामुळे श्रोत्याचा होतो आणि गझलेत घाटाच्या बंधनामुळे संक्षिप्त होतो. एकाच जिल्ह्यातील, एकाच शतकातील हे तीन मार्ग आहेत.

७. चरित्रातून गीत वाचण्याच्या मर्यादा

गीताचे मूळ जीवनात शोधताना दोन धोके संभवतात. पहिला असा की, गीतातील प्रत्येक ओळीमागे एखादी घटना असलीच पाहिजे असे गृहीत धरले जाते, आणि घटना न मिळाल्यास आख्यायिका रचली जाते. संतचरित्रांत हे विशेष घडते. काही काळाने ती आख्यायिकाच गीताचा पुरावा म्हणून आणि गीत आख्यायिकेचा पुरावा म्हणून पुढे केले जाते. दुसरा धोका याच्या उलट आहे. गीत हे परंपरेतील ठराविक कल्पनांचे पुनरुच्चारण आहे असे मानून कवीच्या जीवनाकडे पाठ फिरविली जाते. संसाराची असारता, गुरूची महती, नामाचे सामर्थ्य या कल्पना परंपरेच्याच आहेत, हे खरे. तरी कोणता कवी त्यांतील कोणती कल्पना निवडतो आणि ती कोणत्या वस्तूंच्या आधारे मांडतो, याचे उत्तर त्याच्या जगण्यातच सापडते.

याकरिता अभ्यासकाने तीन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात : कागदपत्रांनी सिद्ध होणारी घटना, परंपरेने सांगितलेली कथा आणि गीताच्या शब्दांतून प्रत्यक्ष दिसणारा आशय. तिन्हींना आपापले मूल्य आहे. मात्र एकाची जागा दुसऱ्याने घेऊ नये.

८. अध्यापनाच्या दृष्टीने

महाविद्यालयीन अभ्यासक्रमात भजन आले तर ते बहुधा छापील पद्य म्हणून येते. वर्गात त्याचा अर्थ सांगितला जातो, अलंकार दाखविले जातात. चाल, ठेका, ध्रुवपदाची पुनरावृत्ती आणि कडव्यांमधील बोलणे यांपैकी काहीही वर्गात पोहोचत नाही. त्यामुळे रचना बाळबोध वाटते आणि विद्यार्थी तिला कमी लेखतो. दोष रचनेचा नसतो. तिचा अर्धा भाग कागदावर नसतो, इतकेच.

हा अर्धा भाग आजही या परिसरातील भजनी मंडळांत जिवंत आहे, पण त्याला काळाची मर्यादा आहे. १९६८ साली पंधरा वर्षांचा असलेला श्रोता आज सत्तरी ओलांडून गेला आहे. महाराजांना प्रत्यक्ष ऐकलेल्यांच्या स्मृतीतील चाली, ठेके आणि प्रसंग पुढील काही वर्षांतच नोंदवावे लागतील. तिवसा, मोझरी, वरखेड येथील ज्येष्ठ भजनकारांच्या मुलाखतींचे ध्वनिमुद्रण हा मराठी, इतिहास, संगीत व समाजशास्त्र या विभागांनी मिळून करावयाचा प्रकल्प आहे. त्यासाठी मोठ्या निधीपेक्षा वेळेवर केलेला प्रारंभ अधिक आवश्यक आहे.

९. निष्कर्ष

१) व्यक्तिगत अनुभव हा गीताचा कच्चा माल आहे. तपशील गळून, अर्थ लागून तो अनुभूती झाल्याशिवाय गीत निर्माण होत नाही.

२) अनुभव केवळ विषयातून व्यक्त होत नाही. नाममुद्रा, वाद्य, भाषा आणि प्रतिमा यांतूनही तो गीतात उतरतो. तुकडोजी महाराजांच्या भजनांत ही चारही स्थाने ठळकपणे दिसतात.

३) रचनाप्रकारानुसार अनुभवाचे संस्कार बदलतात. भजन, कीर्तन व गझल यांची तुलना केल्यास हे स्पष्ट होते.

४) गीतातील ‘मी’ जितका इतरांना उच्चारता येण्याजोगा, तितके ते गीत समूहात टिकाऊ ठरते.

५) भजनाचा अभ्यास छापील संहितेपुरता मर्यादित न ठेवता गायनपरंपरेच्या नोंदीसह होणे आवश्यक आहे.

दरवर्षी पुण्यतिथी महोत्सवात दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी, महाराजांच्या निधनाच्या वेळी, गुरुकुंज येथे जमलेला विशाल समुदाय मौन पाळून श्रद्धांजली वाहतो. एरवी टाळ-खंजिरीने दुमदुमणारा परिसर त्या क्षणी निःशब्द होतो. थोड्याच वेळाने पुन्हा भजन सुरू होते, आणि ज्यांनी महाराजांना कधी पाहिलेही नाही अशी मुले ते आपले म्हणून गातात.